मॅप झाला, धडा राहिला

प्रश्न थोडक्यात असा आहे. शरीरक्रियाशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने गेल्या चार महिन्यांत माइंड मॅपच्या (मध्यभागी विषय आणि त्यातून फुटणाऱ्या फांद्या, अशा आराखड्याच्या) सॉफ्टवेअरवर ४० धड्यांचे मॅप केले. रंग, आयकॉन, चित्रं, सगळं नीटनेटकं. पण पंधरा दिवसांनी त्याच धड्यावर कुणी काही विचारलं की मॅपचा आकार डोळ्यांसमोर येतो, मजकूर येत नाही. त्या विचारतात, सॉफ्टवेअर बदलू का? मॅप एआयकडूनच करून घेतले तर वेळ वाचेल का? पुढे प्रकल्प-अहवाल लिहायचाय, त्याला याचा काही उपयोग आहे का? आणि हे जे ४० मॅप करून बसलेय, त्यांचं काय करू? सोबत नमुना म्हणून हृदयाचा मॅप जोडलाय.

मी गेली १६ वर्षं तांत्रिक लेखन आणि प्रशिक्षणाचं साहित्य तयार करते. त्यातलं निम्म्याहून अधिक काम मॅपवरच होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकते: सॉफ्टवेअर बदलू नका. तुम्ही पुस्तक उघडं ठेवून मॅप केलात आणि एकदा काढल्यावर त्यातली एकही फांदी जागची हलवली नाहीत, घोळ तिथे आहे. हे मी अंदाजाने म्हणत नाही, तुमच्या मॅपमध्येच दिसतंय.

मध्यभागी 'हृदय'. त्यातून चार फांद्या: रचना, कार्य, रक्तवाहिन्या, विकार. ही चार नावं बहुधा धड्यातल्या मथळ्यांची आहेत, म्हणजे मांडणी पुस्तकाची, रंग तुमचे. आता 'रक्तवाहिन्या'खाली 'धमन्या' पाहा. तिथे लिहिलंय 'शुद्ध रक्त नेतात'. त्याच्या बरोबर खाली, त्याच फांदीला, 'फुप्फुस धमनी'. फुप्फुस धमनी उजव्या निलयातलं (हृदयाच्या खालच्या कप्प्यातलं), ऑक्सिजन कमी असलेलं रक्त फुप्फुसाकडे नेते. म्हणजे एकाखाली एक अशा दोन ओळी एकमेकींना खोटं पाडतायत आणि तुमच्या ते लक्षात आलेलं नाही. वाईट वाटून घेऊ नका. उतरवून घेताना कुणाच्याच लक्षात येत नाही, कारण उतरवताना डोळा आणि हात काम करतात, 'हे इथे का?' असं विचारणारा कुणी जागा नसतो.

हीच फांदी तुम्ही पुस्तक मिटून, आठवणीतून लावायला घेतली असतीत तर अडला असतात. फुप्फुस धमनी 'धमन्या'खाली ठेवावी तर व्याख्या मोडते, 'शिरा'खाली ठेवावी तर नाव मोडतं. अशा वेळी एकच वाट उरते, व्याख्याच तपासायची. धमनी म्हणजे हृदयापासून दूर नेणारी वाहिनी. रक्तात ऑक्सिजन किती, याचा त्या नावाशी संबंध नाही. (शाळेपासून डोक्यात बसलेले 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्द या गोंधळाचं मूळ आहेत. मॅपमधून ते काढून टाका आणि 'ऑक्सिजन जास्त', 'ऑक्सिजन कमी' असं लिहा.) या अडण्याला तीनचार मिनिटं लागतात आणि ती तीनचार मिनिटं म्हणजेच अभ्यास. बाकी सजावट.

माझं सगळं म्हणणं यातच आहे. कोणती गोष्ट कुठल्या फांदीखाली ठेवायची हे ठरवण्याच्या कष्टाने माणूस शिकतो, फांदी काढण्याने नाही. कागदापेक्षा सॉफ्टवेअर सरस आहे ते दोन कारणांनी: फांदी उचलून दुसरीकडे लावता येते आणि फांदी मिटता येते, म्हणजे तिच्या आतलं सगळं झाकता येतं. या दोन्ही सोयी तुम्ही वापरल्याच नाहीत. रंग आणि आयकॉन तर कागदावरही होते.

तुमचाच मॅप घेऊन दाखवते. मधला शब्द बदला. 'हृदय' हा विषय आहे, त्याला उत्तर नसतं. त्याजागी प्रश्न लिहा: 'रक्त एकाच दिशेने का जातं?' आता जुन्या फांद्या या प्रश्नाला जोडून बघा. तीन फांद्या पुरतात: वाट, दाब, झडपा.

तुमच्याकडे 'रचना'खाली एक पान, म्हणजे फांदीच्या टोकाची नोंद, आहे, 'डाव्या निलयाची भिंत जाड'. रचनेखाली ते नुसतं वर्णन होतं, पाठ करण्यापलीकडे त्याचं काही करता येत नव्हतं. ते उचलून 'दाब'खाली आणा. आता त्याला कारण चिकटलं: उजव्या निलयाला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलायचं असतं, डाव्याला साऱ्या शरीरभर, म्हणून भिंत जाड. तसंच 'कार्य'खालचे 'ठोके, लब-डब'. ते तिथून काढून 'झडपा'खाली न्या. पहिला आवाज अलिंद (वरचा कप्पा) आणि निलय यांच्यामधल्या झडपा मिटल्याचा, दुसरा निलयातून बाहेर पडणाऱ्या तोंडांवरच्या अर्धचंद्राकृती झडपा मिटल्याचा. दोन फांद्या हलवल्या आणि दोन सुटे तपशील एका कारणाला बांधले गेले. नवीन माहिती एका अक्षराचीही भरलेली नाही.

'वाट' मात्र तुम्हाला त्रास देईल. उजवं अलिंद, उजवं निलय, फुप्फुसं, डावं अलिंद, डावं निलय, शरीर आणि पुन्हा उजवं अलिंद. हे वर्तुळ आहे आणि माइंड मॅप म्हणजे झाड. झाडात प्रत्येक फांदीला एकच आई असते, तिला फिरून स्वतःपाशी येता येत नाही. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये दोन फांद्यांना जोडणारा तुटक बाण काढता येतो, तो इथे वापरा. पण असे बाण पाचसहाच्या वर गेले की तुमच्या विषयाला झाडाचा आकार मानवत नाही असं समजा.

अशा विषयांसाठी संकल्पना-नकाशा नावाचा वेगळा प्रकार आहे आणि लोक दोन्हींची फार गल्लत करतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी १९७२च्या सुमारास मुलांच्या विज्ञानाच्या आकलनात कसकसा बदल होतो हे टिपण्यासाठी तो वापरायला सुरुवात केली. आधाराला मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांचा विचार होता: नवी गोष्ट आधीच्या कशाला तरी जोडली गेली तरच ती कळते, एरवी नुसती पाठ होते. त्यात दोन चौकटींमधल्या रेषेवर शब्द लिहावाच लागतो, 'मुळे', 'मिटते', 'रोखते' असा. रेषेवरचा तो शब्द सुचला नाही, तर संबंध कळलेला नाही हे तिथल्या तिथे उघडं पडतं. सीमॅपटूल्स हे त्यासाठीचं मोफत सॉफ्टवेअर आहे. दिसायला जुनाट, कामाला पक्कं.

माइंड मॅप हे नाव आणि त्याचे नियम लोकप्रिय केले ते ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी, १९७४ सालच्या बीबीसीवरच्या मालिकेतून. मध्यभागी चित्र, वळणदार फांद्या, भरपूर रंग आणि एका फांदीवर एकच शब्द. यातल्या शेवटच्या नियमाबद्दल माझी स्पष्ट तक्रार आहे. कल्पना गोळा करताना एकच शब्द ठीक, वेग राहतो. अभ्यासात तो घात करतो आणि मराठीत तर जास्तच. आपल्या भाषेत कुणाचा कुणाशी काय संबंध हे प्रत्ययांतून आणि क्रियापदातून कळतं. एकच शब्द ठेवायचा म्हणून आपण नेमकं तेच छाटतो. 'निलय', 'दाब', 'झडप' असे तीन शब्द एकापुढे एक लिहिलेत. आज त्याचा अर्थ लागतोय. पंधरा दिवसांनी कुणाचा दाब, कशावर, आणि झडप उघडते की मिटते? 'निलयाच्या दाबाने झडप मिटते' असं चार शब्दांत लिहा. फांदी थोडी लांब होईल, होऊ द्या. उजवा मेंदू, डावा मेंदू, रंगांनी मेंदू जागा होतो वगैरे जे सांगितलं जातं, त्यात वेळ घालवू नका.

आता पुस्तक मिटण्याबद्दल. पर्ड्यू विद्यापीठातल्या जेफ्री कार्पिकी आणि जॅनेल ब्लंट यांनी २०११ साली 'सायन्स' नियतकालिकात एक प्रयोग मांडला. काही विद्यार्थ्यांनी विज्ञानाचा उतारा समोर ठेवून त्याचा संकल्पना-नकाशा काढला. दुसऱ्यांनी उतारा वाचला, बाजूला ठेवला, आठवेल ते लिहून काढलं, मग पुन्हा वाचून पुन्हा आठवून लिहिलं. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा आठवून लिहिणारे ठळकपणे पुढे होते. नुसत्या माहितीच्या प्रश्नांतच नाही, तर्क लावायच्या प्रश्नांतही. गंमत पुढेच आहे: शेवटच्या चाचणीत नकाशाच काढायला सांगितला, तरी तेच पुढे राहिले. आणि आपल्याला किती आठवेल याचा विद्यार्थ्यांचा स्वतःचा अंदाज मात्र उलटा होता.

हे वाचून माझ्या ओळखीच्या काहींनी मॅप सोडून दिले. घाई केली. त्याच दोघांनी २०१४ साली पुढचा प्रयोग मांडला, त्यात नकाशा उतारा समोर न ठेवता आठवणीतून काढायला लावला होता. तसं केल्यावर नकाशा काढणारे आणि परिच्छेद लिहून काढणारे यांच्यात फारसं डावंउजवं राहिलं नाही, आणि उताऱ्याचा नुसता अभ्यास करणाऱ्यांपेक्षा दोघेही सरस ठरले. म्हणजे प्रश्न मॅपचा नव्हता, समोर उघड्या असलेल्या मजकुराचा होता.

तेव्हा करायचं ते असं. धडा वाचा, पूर्ण. पुस्तक मिटा, खरंच मिटा, दुसऱ्या खिडकीत पीडीएफ उघडी ठेवू नका. कोरा मॅप घ्या, मधे प्रश्न लिहा आणि दहाबारा मिनिटं आठवेल ते लावत जा. अडलात तर तिथे प्रश्नचिन्हाची रिकामी फांदी ठेवून पुढे जा, थांबू नका. मग पुस्तक उघडा आणि जे राहिलं होतं किंवा चुकलं होतं ते एका ठरावीक रंगात भरा. मी लाल वापरते. आता रंगाला अर्थ आला: लाल म्हणजे माझ्या डोक्यात नव्हतं ते. माझ्या मॅपमध्ये नेहमीचा आणि लाल असे दोनच रंग असतात. तुमच्या मॅपमधले सात रंग कशासाठी आहेत, हे तुम्हाला तरी सांगता येईल का?

पुढचं काम मिटण्याचं. सगळा मॅप पहिल्या पातळीपर्यंत मिटून टाका, की मधला प्रश्न आणि तीनच फांद्या दिसतील. 'झडपा' या फांदीवर या आणि तिच्या आत काय आहे ते मोठ्याने बोला. पुटपुटू नका, पूर्ण वाक्यात बोला. मग फांदी उघडा. फ्रीमाइंड आणि फ्रीप्लेन या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्पेसबार दाबला की फांदी मिटते-उघडते, इतर सॉफ्टवेअरमध्ये फांदीच्या टोकाशी बारीक गोल असतो. जे बोललात आणि जे निघालं, यांतल्या फरकाला लाल करा. हे दुसऱ्या दिवशी, मग चारपाच दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी. तिसऱ्या खेपेला एका मॅपला पाच मिनिटंही लागत नाहीत. कागदावर हे करायचं तर हाताने झाकत बसावं लागतं आणि झाकलेल्या हाताच्या कडेने डोळा हमखास डोकावतो.

मिटण्याचा आणखी एक फायदा मला उशिरा कळला. माणसाला एका वेळी मनात धरता येणाऱ्या गोष्टी फार थोड्या. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली सातच्या आसपासचा आकडा सांगितला होता, नेल्सन कोवन यांनी २००१ साली तो चारच्या आसपास आणला. तुमच्या 'विकार' फांदीला १४ पानं लटकलेली आहेत. ती चौदा म्हणून आठवणारच नाहीत. त्यांचे तीनचार गट पाडा आणि गटाला नाव स्वतः द्या. झडपांचे, स्नायूंचे, हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांचे, ठोक्यांच्या लयीचे, असे काहीतरी. दोन गटांत बसेल असा एखादा विकार निघेलच. निघाला तर उत्तम, पुन्हा अडा.

एक छोटी पण उपयोगाची गोष्ट: माऊस सोडा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये टॅब दाबला की आतली फांदी, एंटर दाबला की शेजारची. फ्रीप्लेनमध्ये एफ-२ने मजकूर दुरुस्त होतो आणि कंट्रोलबरोबर बाणाची कळ दाबली की फांदी वरखाली सरकते. चार दिवसांत बोटांना सवय होते. माऊस हातात असला की माणूस फांदीचं वळण सुरेख करत बसतो.

सॉफ्टवेअरबद्दल तुम्ही विचारलंच आहे तर थोडं सांगते, पण यावर रात्री जागवू नका. फ्रीप्लेन हे फ्रीमाइंडमधून निघालेलं, मोफत, मुक्त-स्रोत, स्वतःच्या संगणकावर चालणारं. दिसायला रुक्ष. त्यातली मला आवडणारी सोय म्हणजे एकाच फांदीची जुळी प्रत दुसरीकडे लावता येते, एकीकडे दुरुस्ती केली की दुसरीकडे आपोआप होते. 'एकच आई' ही झाडाची अडचण त्याने थोडी सैल होते. एक्समाइंड दिसायला देखणं. माइंडमाइस्टर आणि कॉगल ब्राउझरमध्ये चालतात, चारपाच जणांनी मिळून करायचं तर बरे. मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात खुणा घालून मथळे दाखवायच्या पद्धतीत) टिपणं काढणाऱ्यांना मार्कमॅप पुरतं, मथळ्यांवरून तो मॅप आपणच उभा करतो.

सॉफ्टवेअर निवडताना मी पाहते ते निराळंच: माझा मजकूर यातून सहीसलामत बाहेर येतो का? फ्रीमाइंड-फ्रीप्लेनची एमएम फाइल म्हणजे साधी एक्सएमएल असते, उद्या सॉफ्टवेअर नसलं तरी नोटपॅडमध्ये उघडून मजकूर वाचता येतो. एक्समाइंडची फाइल म्हणजे खरं तर झिप केलेलं गाठोडं. ओपीएमएल हा रूपरेषेचा सामाईक साचा आहे, तो बऱ्याच सॉफ्टवेअरना कळतो. हे मला अक्कलखाती जमा करून कळलं. एका ऑनलाइन सेवेवर माझे साठेक मॅप होते. सेवा बंद होत असल्याची मेल आली, मुदत महिन्याची आणि बाहेर काढायची सोय फक्त चित्राची. मॅप हाती आले, पण फोटोच्या रूपात. त्यातली फांदी हलवता येत नाही आणि मिटताही येत नाही. त्यातले दहाबारा पुन्हा टाइप केले, बाकीच्यांवर पाणी सोडलं. तेव्हापासून दर महिन्याला ओपीएमएलची प्रत काढून ठेवते.

मराठीत मॅप करणाऱ्यांनी आणखी एक चाचणी सुरुवातीलाच करून घ्यावी. एका फांदीवर 'ज्ञानेंद्रिये, उद्ध्वस्त, दुसऱ्या, राष्ट्र' असे चार शब्द लिहा आणि पीडीएफ काढून पाहा. पडद्यावर अक्षरं नीट दिसतात, पीडीएफमध्ये जोडाक्षर फुटतं, 'दुसऱ्या'मधला अर्धा र भलतीकडे जातो किंवा नुसत्या चौकोनांची रांग येते. बहुतेक वेळा फाँट बदलून भागतं. 'नोटो सान्स देवनागरी' किंवा 'मुक्त' हा फाँट लावून पाहा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली टिपणं मात्र थेट चिकटवू नका, कचरा उमटतो. आधी रूपांतर करून घ्या.

आता एआय. धड्याची पीडीएफ दिली की मिनिटभरात मॅप हातात, आणि तो तुमच्या मॅपपेक्षा देखणाही असेल. पण वर म्हटलं तसं, काय कशाखाली हे ठरवणं म्हणजेच अभ्यास, आणि नेमका तोच भाग तुम्ही दुसऱ्याकडून करून घेतलात. व्यायामशाळेत वजनं उचलायला माणूस ठेवण्यासारखं आहे हे. शिवाय त्याची मांडणी बहुतेक वेळा धड्याच्या मथळ्यांचीच असते आणि मधूनच एखादी न झालेली गोष्टही तो ठामपणे लिहून जातो. तरी मी एआय वापरते, पण नंतर. आठवणीतून केलेल्या मॅपचा मजकूर त्याला देते आणि दोनच गोष्टी विचारते: यात कुठे दोन ओळी एकमेकींना खोटं पाडतायत, आणि यावर मला पाच अवघड प्रश्न विचार. तुमच्या 'शुद्ध रक्ता'ची गफलत त्याने बहुधा पकडली असती. त्याचं उत्तर पुस्तकाशी ताडून मगच मॅपमध्ये घ्यायचं. आणि जे शिकायचंच नाही, नुसतं चाळायचंय, अशा लांबलचक अहवालाचा मॅप त्याच्याकडून खुशाल करून घ्या.

तसं पाहिलं तर दुसऱ्या माणसाचा मॅपही अभ्यासाला कामाचा नाही. सुरुवातीच्या काळात मी एका प्रशिक्षणासाठी ४०० फांद्यांचा मॅप केला होता. छापून, कागदाला कागद चिकटवून, वर्गाच्या भिंतीवर लावला. येणारे जाणारे 'वा!' म्हणून पुढे जायचे, तिथे थांबून वाचलं कुणीच नाही. मला मात्र त्यातलं काय कुठे आहे हे आजही आठवतं. शिकणारी त्या वर्गात मी एकटीच होते म्हणायची.

प्रकल्प-अहवालाकडे येते. इथे मॅपचा उपयोग आहे आणि अभ्यासापेक्षा निराळा आहे. अभ्यासात मांडणी शोधून काढायची असते, लिहिताना ती घडवायची असते. पहिल्या दिवशी फक्त ओता. डोक्यात असेल ते सगळं, शंका, आकडे, अर्धवट वाक्यं, 'हे सरांना विचारायचं' हेसुद्धा, सगळं मध्यभागाला थेट चिकटवत जा. गट पाडायचा मोह होईल, पाडू नका. ६०-७० फांद्यांचं झुडूप होईल. रात्र मधे जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी सारखं सारख्याजवळ सरकवा, आणि गटाला नाव गट झाल्यावर द्या, आधी नाही.

गट पाडताना 'इतर' नावाची एक फांदी होतेच. तिच्यावर डोळा ठेवा. एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरची वापरपुस्तिका लिहीत होते, तेव्हा माझी 'इतर' फांदी १९ मुद्द्यांची झाली. आळसाने तशीच सोडणार होते. एकेक मुद्दा मोठ्याने वाचला तेव्हा दिसलं, त्यातले ११ मुद्दे एकाच प्रसंगाचे होते: काम चालू असताना नेट गेलं तर काय. अर्धवट राहिलेली नोंद, दोनदा झालेली नोंद, तुटलेला क्रमांक, कुठून पुन्हा सुरू करायचं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी त्याला कप्पा दिला नव्हता म्हणून माझ्याकडेही नव्हता. पुस्तिकेचं ते दुसरं प्रकरण झालं आणि मदतीच्या फोनवर सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं पानही त्यातलंच. 'इतर'मध्ये सातआठपेक्षा जास्त मुद्दे जमले, तर न सापडलेला विषय तिथे दडलाय असं धरून चाला.

मॅपला क्रम नसतो, अहवालाला असतो, आणि इथे बरेच जण घसरतात. फांद्या घड्याळाच्या दिशेने वाचत सुटतात आणि तोच अनुक्रम ठेवतात. असं करू नका. मुख्य फांद्या एकाखाली एक लावा आणि शेजारच्या दोघींमध्ये 'त्यामुळे' किंवा 'पण' घालून बोलून पाहा. दोन्ही बसत नाहीत आणि फक्त 'आणि' बसतो, तर तो क्रम योगायोगाचा आहे, बदलून पाहा. क्रम लागला की ओपीएमएल किंवा वर्डमध्ये रूपरेषा बाहेर काढा आणि मॅप बंद करा. लिहिताना मॅप समोर ठेवला तर वाक्यं तुटक येतात, मुद्द्यांसारखी. माझ्या तर येतातच.

काही गोष्टी मॅपमध्ये घालूच नका. धमनी आणि शिरा यांतला फरक? दोन रकान्यांचा तक्ता, पाच मिनिटांचं काम. गणिताची उकल, सूत्राची सिद्धता कागदावर. सनावळीला सरळ रेघ बरी.

आता तुमचे ते ४० मॅप. पुसू नका आणि दुरुस्त करतही बसू नका, चाळीस दुरुस्त करण्याच्या नादात महिना जाईल. सगळे पहिल्या पातळीपर्यंत मिटा आणि एकेक घेऊन आत काय आहे ते बोलून पाहा. जे बोलता आले ते झाले, त्यांना हात लावायचा नाही. ज्यांच्यापुढे गप्प बसावं लागलं, माझा अंदाज दहापंधरा निघतील, ते कोऱ्या मॅपवर, पुस्तक मिटून, नव्याने. दिवसाला एकच.

सुरुवात हृदयापासून करा. वर मी फुप्फुस धमनी जागेवर बसवून दिली. फुप्फुस शिरा तुमच्या मॅपमध्ये नाहीये आणि मी मुद्दामच तिच्याबद्दल काही लिहिलेलं नाही. ती कुठल्या फांदीला लागते आणि तिच्यावरची ओळ काय, ते बघा.